दमणीला शर्यतीचे बैल

माझ्याजवळ मोटार नाही. कधी नव्हती. आता या वयात होईल असंही वाटत नाही. त्यामुळं मोटारींबद्दलची माझी मतं अगदी निःपक्षपाती आहेत. ज्याच्या दारात मोटार असते तो तिच्या हप्त्यांना स्मरून बोलतो. ज्याला ती घ्यायची असते तो बायकोला ऐकू जाईल असं बोलतो. मी नुसताच बोलतो. परतूरला सदतीस वर्षं गणित शिकवल्यामुळं बोलायची सवय सुटत नाही, आणि आता समोर वर्ग नसल्यामुळं जो सापडेल त्याला बसवून घेतो. आज तुम्ही सापडलात.

वाहन म्हणाल तर माझ्या आयुष्यात आधी एक सायकल आली आणि मग एक लूना आली. लूनेला पायडल होतं. चढ आला की आपण तिला मदत करायची, सपाटी आली की ती आपल्याला मदत करायची. संसारात याहून समजूतदार नातं मी पाहिलेलं नाही. हे वाक्य आमच्या सौ.नी वाचू नये.

तर गेल्या पोळ्याची गोष्ट. दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काळीभोर, लांबलचक मोटार येऊन थांबली. तोंडाशीच थांबली, कारण आत शिरली असती तर तिचं पुढचं चाक आमच्या दारात आणि मागचं चाक शेजारच्या शेठजींच्या आडत दुकानात राहिलं असतं. पोरं गोळा झाली. शेठजींचा गडी बैलांची शिंगं रंगवत बसला होता, तो ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. बैलांनी मात्र एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. पुढं जो वाद आम्ही दोन दिवस घातला, त्याचा निकाल त्यांनी तेव्हाच लावला असावा, असं मला आता वाटतं.

मोटारीतून आमचा भाचा उतरला. थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा मुलगा. वडील लवकर गेले, तेव्हा हा सातवीत होता. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात शिकला. आता पुण्यात जमिनींचे व्यवहार करतो. म्हणजे नेमकं काय करतो हे त्यानं मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मला समजलेलं नाही. जमीन जागेवरच राहते आणि पैसा हलतो, एवढं ध्यानात आलंय.

पुरणपोळी झाली, ताक झालं, सुपारी झाली. मग तो म्हणाला, "मामा, ही गाडी माझी नाही, भागीदाराची आहे. दोन दिवस वापरून बघ म्हणाला. मलाही अशीच घ्यायचीय. पण हिच्यात दोन प्रकार असतात. एक साधी आणि एक जोराची. दिसायला सख्ख्या बहिणी. ही जोराची. तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हीच सांगा, जोराची घेण्यात काही अर्थ आहे का?"

'साधी' म्हणजे पावणेदोन-दोन कोटींची. हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला की मला हॉटेलातला साधा डोसा आठवला.

पण प्रश्न चांगला होता. 'अर्थ' हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. पैसा म्हणजेही अर्थ आणि मतलब म्हणजेही अर्थ. पहिला असला की दुसरा असतोच असं नाही, हे आपण रोज बघतो. पण पहिला नसला की दुसऱ्याची चर्चा करायला भरपूर वेळ मिळतो. मी कागद-पेन्सिल मागवली.

भागीदाराची मोटार कुठल्या कंपनीची होती ते मी लिहीत नाही. लिहिलं तर मास्तरनं पैसे घेऊन लिहिलं असं परतुरात म्हणतील, आणि पैसे तर मिळालेले नसतील. उदाहरणासाठी आपण बाजारातली माहीत असलेली एक जोडी घेऊ. मर्सिडीजची सर्वांत मोठी सेडान म्हणजे एस-क्लास. तिची जोरदार बहीण एएमजी एस ६३ ही २०२४ च्या मे महिन्यात भारतात आली तेव्हा तिची किंमत होती ३ कोटी ३० लाख. लांबी सव्वापाच मीटरच्या वर, वजन अडीच टनांच्या वर, आणि जोर ८०२ अश्वशक्ती.

८०२ घोडे! घोड्यांचं सोडा, परतुरात घोडा लग्नातच दिसतो. आपण आपल्या मापानं मोजू. आमच्याकडं विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असते. म्हणजे या एका गाडीत १६० विहिरींच्या मोटरी आहेत. एवढ्यात एक गाव भिजेल. शिवाय रात्री-अपरात्री लाइट यायची वाट बघावी लागणार नाही.

आता या जोराचं काय होतं? गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ३.३ सेकंदांत जाते. साध्या बहिणीला, म्हणजे पेट्रोलच्या एस ४५० ला, पाच सेकंदांच्या आसपास लागतात. फरक पावणेदोन सेकंदांचा. किमतीतला फरक साधारण दीड कोटीचा. दीड कोटी भागिले पावणेदोन. मी भागाकार केला, पुन्हा ताळा केला आणि कागद भाच्यापुढं सरकवला. "सेकंदाला ऐंशी लाखांच्या वर पडतात," मी म्हणालो. "आणि वाचवलेले ते सेकंद तू कशात घालवणार?"

"ते वाचवायचे नसतात मामा, अनुभवायचे असतात," तो म्हणाला. पुण्यात राहून माणूस असं बोलायला शिकतो.

एव्हाना आडत दुकानातून शेठजी येऊन बसले होते. "काहून घेऊ नये, सर?" ते म्हणाले. "२०१० साली औरंगाबादवाल्यांनी काय केलं? एका दिवसात दीडशे मर्सिडीज. एका दिवसात!"

हे खरं आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर होण्याआधीची ती गोष्ट. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या व्यापारी-उद्योजक-डॉक्टर मंडळींनी गट करून एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. देशभरच्या वर्तमानपत्रांत मराठवाड्याचं नाव आलं, आणि तेही दुष्काळ हा शब्द शेजारी नसताना. मला त्या वेळी हसू आलं होतं, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं होतं. उभ्या जन्मात 'मागास' हे विशेषण आपल्या प्रदेशाच्या नावाआधी ऐकलेल्या माणसाला असं वाटतं. त्या गाड्या काही कुठं लवकर पोचायला घेतलेल्या नव्हत्या. 'आम्हीही आहोत' हे सांगायला घेतलेल्या होत्या, आणि ते सांगून झालं.

"बराबर," शेठजी म्हणाले. "मोठी गाडी पळवायला नसतेच, सर. उभी करायला असते."

शेठजी आडतीच्या व्यवसायात आहेत, पण एवढ्या थोडक्यात एवढं मोलाचं मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

"मग तर जोराची घेण्यात काहीच अर्थ नाही," मी म्हणालो. "कारण जोर बाहेरून दिसत नाही."

भाच्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं. दिसत नाही हीच तर मजा. दिसतं ते जगासाठी. आत असतं ते आपल्यापुरतं. वरून शेठ, आतून पैलवान. आता मोटारींच्या वेषांतराचं जालना जिल्ह्याला तसं नवल नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये प्राप्तिकर खात्याची माणसं जालन्यात छापे घालायला आली ती वऱ्हाडाचे कागद चिकटवलेल्या मोटारींतून. लोकांना वाटलं लग्न आहे. ज्यांच्याकडं आली त्यांना लवकरच कळलं की अक्षता वेगळ्या आहेत.

पण या जोराच्या मोटारींची वंशावळ आपल्याकडची नव्हे, जर्मनीतली. १९६७ साली आउफ्रेख्ट आणि मेल्शर नावाच्या दोन इंजिनिअरांनी बुर्गश्टाल या गावातल्या एका जुन्या गिरणीत इंजिनं जास्त जोराची करून देण्याचा धंदा काढला. दोघांच्या आडनावांची आणि आउफ्रेख्टच्या जन्मगावाची, ग्रोसआस्पाखची, आद्याक्षरं मिळून एएमजी. १९७१ साली त्यांनी मर्सिडीजची एक थोराड चार दारांची सेडान, ज्यात साहेब लोकांनी मागं बसून पेपर वाचावा अशी, लाल रंगवून बेल्जियममधल्या स्पा इथल्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. हलक्याफुलक्या मोटारींमध्ये हे धूड. पण ते दुसऱ्या क्रमांकानं आलं आणि आपल्या गटात पहिलं. लोकांनी त्या मोटारीचं नाव ठेवलं 'तांबडी डुकरीण'. जर्मन माणूस प्रेमात आला की असं बोलतो.

त्यांच्याकडं या प्रकाराला अर्थ आहे, हे मी कबूल केलं. जर्मनीत ऑटोबान नावाचे महामार्ग आहेत आणि त्यांच्या बऱ्याच भागावर मोटारींना वेगमर्यादाच नाही. लांबचा प्रवास, सपाट रस्ता, दोनशेनं जायची मुभा. तिथं मोठ्या मोटारीत मोठा जोर घालणं म्हणजे कोकणातल्या घराला उतरतं छप्पर घालणं. आमच्याकडं धाब्याचं घर चालतं, कारण पाऊसच येत नाही.

आमच्याकडं रस्ता आहे परतूर ते वाटूर फाटा. त्यावर शेळ्या आहेत, शेळ्यांमागं पोरं आहेत, कापसाच्या दिवसांत रस्ताभर रुंद झालेले टेम्पो आहेत आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत. शिवाय कुणी घातले हे कुणालाच ठाऊक नसलेले स्पीड ब्रेकर आहेत. समृद्धी महामार्गाचं म्हणाल तर तो आमच्या जिल्ह्यातून जातो, ही अभिमानाची गोष्ट आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला. आखणी ताशी १५० ची, पण मोटारींना परवानगी १२० ची. म्हणजे १२० पर्यंत जायचं आणि उरलेला वेग बँकेत मुदत ठेवीसारखा ठेवायचा. व्याज नाही.

"पण जोर असलेला बरा," भाचा म्हणाला. "ट्रॉलीला ओलांडायचं असलं तर पटकन ओलांडता येतं. आणि मोठं इंजिन हळू चालवलं की आवाज करत नाही, दमत नाही. मोठ्या पातेल्यात थोडं दूध तापवल्यावानी. उतू जात नाही."

यात तथ्य आहे. पण एवढा मोठेपणा साध्या बहिणीतही आहे. प्रश्न पातेल्याचा नाही, पातेल्यावर आणखी हंडा कशाला हा आहे. रोल्स रॉईस कंपनी कित्येक वर्षं आपल्या मोटारीची अश्वशक्ती सांगतच नसे. कुणी विचारलंच तर उत्तर यायचं, 'पुरेशी आहे.' मला हे उत्तर फार आवडतं. जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरून 'पुरे' म्हणणारा माणूस आणि पान पालथं घालेपर्यंत काहीच न बोलणारा माणूस यांच्यात जो फरक आहे, तो पोटाचा नसतो.

आणि मग मला आजोबांची दमणी आठवली.

दमणी हल्लीच्या मुलांना माहीत नाही. खत, कडबा वाहायची ती बैलगाडी वेगळी. दमणी म्हणजे हलकी दोन चाकांची गाडी, वर छत, आत गादी आणि तक्क्या, बाजूला पडदे. ती माणसांसाठी, त्यातही घरच्या बायकांसाठी आणि पाव्हण्यांसाठी. म्हणजे त्या काळची लक्झरी सेडानच. आमचं गाव दुधनेच्या काठी. तालुका तेव्हाही परतूर, पण जिल्हा परभणी. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. आजोबांना दोन शौक होते, एक दमणीचा आणि एक शंकरपटाचा. पटाच्या बैलांच्या शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी घातली आणि नियमांच्या चौकटीत २०२३ साली त्या पुन्हा मान्य केल्या, या गोष्टी फार पुढच्या. आजोबांची खिलारी जोडी तालुक्यात नाव काढून होती.

एका उन्हाळ्यात आजोबांच्या मनात आलं, दोन शौक वेगवेगळे कशाला? आजीच्या भाचीचं लग्न होतं. दमणीत आजी, आजीच्या मांडीवर रुखवताच्या परड्या, परड्यांत चिरोटे आणि अनारसे, आणि जुवाला पटाची जोडी. गावाच्या वेशीपर्यंत सगळं ठीक चाललं. पुढं नदीकाठचं मोकळं, सपाट रान लागलं आणि बैलांना वाटलं, पट सुरू झाला.

दमणी नवरीच्या आधी तासभर मांडवात पोचली. अनारशांचा भुगा झाला होता. आजीचा अंबाडा एका कानावर आला होता. ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि मांडवभर माणसांसमोर आजोबांना म्हणाली, "उद्यापासून तुम्ही बैलावर बसा. म्या चालत येते."

बैलांचा काही दोष नव्हता. त्यांना चालणं कुणी शिकवलंच नव्हतं. दोष त्या जुळणीत होता. दमणी असते मागं बसणाऱ्यासाठी. पटाचा बैल असतो पुढं कासरा धरणाऱ्यासाठी. एकाची मजा सुरू झाली की दुसऱ्याचे अनारसे फुटतात. भाच्याला म्हटलं, तुझ्या जोराच्या गाडीचं हेच आहे. ही एवढी मऊ मागची सीट, हे पाय पसरायला अंगण, हा पडदा, सगळं मागच्या माणसासाठी. आणि ८०२ घोडे पुढच्यासाठी. मग या गाडीचा मालक बसणार कुठं?

वाद मी जिंकला होता. शेठजींनी मान डोलावली. सौ.नी चहा टाकला. तेवढ्यात भाचा अगदी शांतपणे म्हणाला, "मामा, वर्गात तुमच्या टेबलावर छडी असायची."

"असायची."

"तुम्ही कधी वापरायचे नाहीत. वर्षानुवर्षं तशीच पडून असायची. पण ती होती म्हणून तुम्हाला आवाज चढवावा लागायचा नाही. मग ते बरं होतं का वाईट? न वापरलेला जोर फुकटचा असतो, तर छडी कशाला ठेवली होती?"

शेठजींनी मान पुन्हा डोलावली, या वेळी दुसऱ्या बाजूला. आडत्याला दोन्ही पार्ट्या सांभाळाव्या लागतात.

मी चहा प्यालो आणि विषय बदलला. मास्तरला उत्तर आलं नाही की तो तास संपल्याचं सांगतो. पण उत्तर मला येत होतं. भाच्याला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. छडी मी कधीच वापरली नाही, हे खरं नाही. एकदा वापरली. भाचा शाळा सोडून गेला त्यानंतरची गोष्ट. सहामाहीच्या दिवशी एक मुलगा अर्धा तास उशिरा आला. मी काही बोललो नाही. टेबलावर हात गेला, छडी हाताला लागली, आणि दोन्ही तळव्यांवर दोन-दोन दिल्या. हात पुढं करायच्या आधी त्यानं ते चड्डीला पुसले. मला वाटलं, घाम असेल. पुढच्या आठवड्यात कळलं की पहाटेपासून तो जिनिंगमध्ये कापसाची बोचकी उतरवत होता. तळहाताला आधीच फोड आले होते.

छडी टेबलावर नसती तर मी त्याला विचारलं असतं, "उशीर का झाला रे?" छडी होती म्हणून विचारावं लागलं नाही.

जवळ ठेवलेल्या जोराचं हे असं असतं. वर्षानुवर्षं तो गरीब गाईसारखा पडून राहतो. आपल्याला वाटतं, आपण त्याला आवरून धरलंय. आणि एके दिवशी, आपल्या विचाराच्या आधी आपला हात तिथं पोचतो. त्यात छडीला ८०२ घोडे नव्हते.

दुसरा दिवस करीचा. अक्काला डोळे दाखवायला संभाजीनगरला न्यायचं होतं. तिला मागं बसवलं, तिच्या शेजारी पोळ्यांचा डबा आणि तुपाची वाटी, पुढं भाचा आणि मी. परतूर ते जालना गाडी त्यानं अशी चालवली की मला लाज वाटली. वादात मी त्याला उगाच झोडपला होता. प्रत्येक स्पीड ब्रेकरला तो पाळण्यातलं मूल उचलल्यासारखी गाडी उचलायचा. शेळ्यांना वाट द्यायचा. हॉर्न म्हणून नाही. मी मनात म्हटलं, याला आवरता येतं, याला घेऊ दे.

जालन्याच्या पुढं समृद्धीवर चढताना नाक्यावर थांबलो. पुढं मोकळा रस्ता. भाचा माझ्याकडं बघून हसला. "मामा, एकदाच दाखवतो. शंभरपर्यंतच. कायद्यात बसतं."

गणित आधी सांगतो. ३.३ सेकंदांत ताशी १०० म्हणजे सेकंदाला सेकंदाला साडेआठ मीटरच्या जवळपास प्रवेग. गुरुत्वाकर्षणाचा ९.८. म्हणजे वरून खाली पडणाऱ्या माणसाला जी ओढ लागते, तिच्या ८५ टक्के, फक्त आडवी. हे मी नंतर घरी येऊन काढलं. त्या क्षणी माझा चष्मा कपाळावर, कपाळ सीटमध्ये आणि सकाळचा चहा मूळ ठिकाणाहून बराच मागं गेला होता. मागून वाटी पडल्याचा आवाज आला.

मग सगळं शांत झालं. कसलाही आवाज नाही. आणि त्या शांततेत अक्का म्हणाली, "विहिरीत पडल्यावानी झालं रे, बापू."

भाचा हसला. मीही हसलो. अक्का तूप सांडलेला पदर झटकत होती. तिचा आवाज चढला नव्हता, तक्रारीचाही नव्हता. उगाच आठवलं म्हणून सांगावं तसं ती म्हणाली, "तुझ्या बापालाबी त्या रात्री घरी लवकर यायचं होतं."

आमचे मेव्हणे वाटूर फाट्याकडून मोटारसायकलवर येत होते. रस्त्यात एक ट्रॉली उभी होती, बिनदिव्याची.

त्यानंतर संभाजीनगर येईपर्यंत भाचा एक शब्द बोलला नाही. गाडी त्यानं डावीकडच्या रांगेत घेतली आणि सत्तरवर ठेवली. कांद्याचा एक ट्रक आठशे घोड्यांना मागं टाकून निघून गेला. त्याच्या क्लीनरनं खिडकीतून डोकं काढून कीव आल्यासारखं बघितलं. थोड्या वेळानं मी वळून पाहिलं तर अक्का झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात डब्यावर, मान त्या कोटीभर रुपयांच्या उशीवर.

तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, मोठ्या मोटारीची परीक्षा एकच: मागं बसलेलं माणूस झोपलं की गाडी पास. बाकीचे आकडे छापील पत्रकासाठी. दुसरी गोष्ट भाच्याच्या बाजूची. त्या तासाभरात तो आठशे घोड्यांचा जोर गेला कुठं होता? कुठंच नाही. तो भाच्याच्या उजव्या पायात अडवून धरलेला होता. सत्तरनं जायला माझी लूना सोडून कुठलीही गाडी चालते. पण अडीचशेनं जाऊ शकणारी गाडी सत्तरनं नेणं, आणि तेही मागचं माणूस झोपलंय म्हणून, यालाही काही अर्थ असतो. पोळ्याच्या मिरवणुकीत पटाचा बैल असाच चालतो. झूल, घुंगुरमाळा, बेगड लावलेली शिंगं, आणि पाऊल अगदी सावकाश. गाव त्याला ओवाळतं ते त्या चालण्यासाठी. पळण्यासाठी नुसत्या शिट्ट्या मिळतात.

पण पोळा फुटला की तोच बैल तोरणाखालून उधळतो, हेही मी लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळं माझं मत विचाराल तर असं झालंय: जोराची मोठी गाडी ज्याला आवरता येते त्यानंच घ्यावी, आणि ज्याला ती खरोखर आवरता येते, त्याला ती घ्यावीशी वाटत नसावी. हे गणित दोन्ही बाजूंनी सुटतं आणि उत्तर शून्य येतं.

दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला. "मामा, साधी घेतली. आईसाठी. तिला झोप लागते तीच."

माझा ऊर भरून आला. सदतीस वर्षांत माझं सांगितलेलं इतक्या पूर्णपणे कुणी ऐकलं नव्हतं. मी सौ.ना हाक मारली, शेठजींना हाक मारली. मग सहज म्हणून विचारलं, "आणि उरलेले दीड कोटी?"

पलीकडं जरा वेळ काही ऐकू आलं नाही.

"दुसरी एक घेतली. छोटी. दोनच सीटची. एकट्याला कधी पळवावी वाटली तर. तुम्हीच म्हणाले ना, दमणी वेगळी अन् पटाची जोडी वेगळी?"

तर्कात चूक नव्हती. पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं उत्तर होतं. मागचं माणूस वाचलं होतं, अनारसे वाचले होते. फक्त त्या दुसऱ्या गाडीत मागची सीटच नव्हती, आणि म्हणून 'विहिरीत पडल्यावानी झालं' असं म्हणायलाही मागं कुणी नव्हतं. छडी टेबलावरून उचलून त्यानं कपाटात ठेवली होती, इतकंच. "सावकाश जा रे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अक्काला मी अजून सांगितलेलं नाही.

माझी स्वतःची छडी निवृत्तीच्या दिवशी मी घरी आणली. हल्ली सौ. तिच्यानं माळ्यावरचे डबे पुढं ओढतात. जोराचा याहून चांगला उपयोग मला तरी अजून सापडलेला नाही.